चौदा नावे सापडेनात

इंदूरला रामबागेतल्या एका जुन्या घराच्या माडीवर दर रविवारी सकाळी नऊला आम्ही प्रोग्रामर मंडळी जमतो. कोणी विजयनगरच्या कंपनीत, कोणी सुपर कॉरिडॉरला, कोणी अजून कॉलेजात. आठवड्यात ज्याचे जिथे अडले असेल ते त्याने इथे मांडायचे आणि बाकीच्यांनी हात लावायचा. मराठी चालते, हिंदी चालते, बहुतेकदा दोन्ही एकाच वाक्यात. बैठक चालवण्याचे काम माझ्याकडे आहे: प्रश्न फळ्यावर लिहून घेणे, कोणाला किती वेळ ते ठरवणे, आवाज चढला तर थांबवणे, प्रश्न सुटला की फळ्यावरची ओळ खोडणे. ओळ खोडण्याचा अधिकार फक्त माझा. त्या रविवारी मी एक ओळ खोडायला नको होती ती खोडली.

पाऊस होता, म्हणून जेमतेम पंधराजण आले होते. फळ्यावर तिसरा प्रश्न एका नव्या मुलीचा. ती एका लहानशा सॉफ्टवेअरच्या दुकानात नोकरीला लागली होती आणि तिला एका पतसंस्थेचे काम दिले होते. संस्थेच्या सभासदांची जुनी यादी एक, बँकेत लाभांश जमा करायची नवी यादी दुसरी. पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहून दोन्ही याद्यांतली नावे जुळवायची. सगळी जुळली, चौदा जुळली नाहीत. "काका, नावं तीच आहेत. मी डोळ्यांनी बघतेय, दोन्हीकडे आहेत. प्रोग्राम म्हणतो नाहीत."

असे म्हणत तिने लॅपटॉपला प्रोजेक्टरची वायर लावली आणि भिंतीवर अख्खी यादी उमटली. नाव, पत्ता, खाते क्रमांक, मोबाइल. मी उठून वायर काढली. माणसांची खरी माहिती भिंतीवर लावायची नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे. २०२३मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. त्या पतसंस्थेतले कोणाचे आजोबा, कोणाच्या आत्या याच गल्लीत राहत असतील. वायर काढली ते बरोबरच होते. पण मी ती काही न बोलता काढली, आणि मुलीचा चेहरा पडला.

त्यातच आमच्यातल्या सर्वांत जाणत्या माणसाने तोंड उघडले. त्याला सगळे दादा म्हणतात. इतकी वर्षे एक पैसा न घेता त्याने इथे जितकी उत्तरे दिली आहेत तितकी बाकी आम्ही सगळ्यांनी मिळून दिली नसतील. तो म्हणाला, "नावाच्या मागे स्पेस आहे. स्ट्रिप कर, निघून जाईल. आणि नावावरून कोण जुळवतं? सभासद क्रमांकावरून जुळव."

"दुसऱ्या यादीत क्रमांक नाहीच आहे," ती म्हणाली. "आणि स्ट्रिप..."

"मग स्पेलिंग वेगळं असेल. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. आधी नीट शिकून ये, मग विचार."

दोघेतिघे हसले. पुढे चार प्रश्न होते, पोहे यायचे होते, मी 'स्पेस' असे लिहून तिची ओळ खोडली.

दादाचा त्रागा मला समजतो. 'नाव जुळत नाही' हा प्रश्न त्याने पन्नासदा तरी ऐकला असेल आणि त्यातले एकोणपन्नास वेळा उत्तर स्पेस हेच असेल. ऐकून ऐकून माणूस प्रश्न पुरा ऐकायच्या आत उत्तर देतो. पण विचारणारा पहिल्यांदाच विचारत असतो. मधे उभे राहून तो प्रश्न पुरा ऐकवणे हे माझे काम, आणि नेमके तेच मी केले नाही.

पोह्यांना सगळे खाली गेले. मी फळा पुसायला थांबलो तेव्हा ती दाराशी बॅग भरत होती. न बघताच म्हणाली, "स्पेस नाहीये, काका. मी आधी तेच बघितलं होतं. ते सांगत होते तेवढ्यात..."

मी तिला बसवले. म्हटले, आता याद्या बाजूला ठेव. चौदातले एकच नाव घे, खरे नको, तसलेच अक्षर असलेले दुसरे. आणि प्रोग्राममधून एकेक गोष्ट काढत जा, चूक होत राहील तोवर. लहानात लहान उदाहरण करणे ही आमच्याकडे प्रश्न विचारायची पहिली पायरी. खरे तर हे मी तिला सकाळीच सांगायला हवे होते. तिने एक्सेल वाचणारा भाग काढला. डिक्शनरी काढली. लूप काढले. शेवटी तीन ओळी उरल्या: पहिल्या यादीतून उचललेले आडनाव, दुसऱ्या यादीतून उचललेले आडनाव, आणि दोन्ही समान आहेत का हा प्रश्न. आडनाव आम्ही 'गोऱ्हे' घेतले होते.

गोऱ्हे. गोर्‍हे. उत्तर आले: फॉल्स, म्हणजे समान नाहीत.

"लांबी मोज," मी म्हणालो. पहिल्याची सहा, दुसऱ्याची सात.

पोह्यांची बशी घेऊन एक हिंदी भाषक मुलगा वर आला होता, तो आमच्या मागे उभा राहून बघत होता. "पर दिख तो दोनों एक ही रहे हैं," तो म्हणाला. दिसत एकच होते, हे खरेच. मग तिने दोन्ही नावांतले एकेक चिन्ह सुटे करून त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक ते चिन्ह ज्या क्रमांकाने ओळखतो तो, छापला. पहिल्यात ग, ओकाराची मात्रा, ऱ, हलन्त, ह, एकाराची मात्रा. दुसऱ्यात ग, ओकाराची मात्रा, साधा र, हलन्त, मग २००डी या क्रमांकाचे एक चिन्ह, मग ह आणि एकार. हे २००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. कागदावर त्याची रुंदी शून्य, डोळ्याला ते दिसत नाही. ते नुसते फॉन्टला सांगते की हा र वर रफार म्हणून चढवू नकोस, अर्धा करून शेजारी ठेव.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझा प्रोग्राम बरोबर होता."

बरोबरच होता. आपल्या मराठीतला हा अर्धा र संगणकावर लिहायचे दोन रस्ते आहेत आणि युनिकोडच्या नियमांत दोन्ही मान्य आहेत. एक रस्ता ऱ या अक्षराचा, क्रमांक ०९३१. द्रविड भाषांतला र दाखवायलाही हेच अक्षर वापरतात. दुसरा रस्ता र, हलन्त आणि जॉइनर; तो युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीपासून चालत आला, आणि जुने मजकूर वाचता यावेत म्हणून पुढेही ठेवला. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे मारले की थेट ऱ येतो. रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणाऱ्या काही साधनांतून मात्र जॉइनरवाला र येतो. टाइप करणाऱ्याला यातले काही कळत नाही, आणि कळायचे कारणही नाही. त्याने नाव बरोबरच लिहिलेले असते.

मी खाली गेलो. दादा जिन्यात चहा घेत उभा होता. मी त्याला म्हणालो, "स्पेस नव्हती. पण तुझं उत्तर चुकलं म्हणून मी बोलत नाहीये. बरोबर असतं, तरी 'नीट शिकून ये' हे या माडीवर चालणार नाही. ओळ मी खोडली, ती चूक माझी."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारले, "गेली का ती?"

"आहे. पण दाराशी बसलीय, बॅग मांडीवर घेऊन."

चारचौघांत त्याला बोललो असतो तर त्याने वाद घातला असता आणि मुलीला तो वाद बसून ऐकावा लागला असता. इतक्या वर्षांत एवढे मला कळले आहे: ज्याला थांबवायचे त्याला जिन्यात गाठावे, आणि ज्याची बाजू घ्यायची त्याची सगळ्यांसमोर घ्यावी. वर आल्यावर मी तिची ओळ फळ्यावर पुन्हा लिहिली, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत, आणि सांगितले की हा प्रश्न मी न ऐकता खोडला होता. आता पुढचे सगळे थांबवून हाच घेऊ.

दादाने तोंडाने माफी मागितली नाही. तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "एनएफसी करून बघितलंस?" युनिकोडमध्ये एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची ही ठरलेली रीत आहे. तिने करून पाहिले. फॉल्सच. र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असे कोणी लिहिले असते तर त्याचा ऱ झाला असता. पण जॉइनरच्या रूपाला ही रीत हात लावत नाही, कारण युनिकोडच्या हिशेबी ही दोन रूपे समतुल्यच नाहीत. "हे मला माहीत नव्हतं," दादा म्हणाला. मी त्याच्या तोंडून हे वाक्य त्या माडीवर क्वचितच ऐकले आहे.

मग तासभर काय काम झाले! चौदापैकी आठ नावे या अर्ध्या र ची निघाली. एक वकील होते, त्यांच्या नावाआधीचे 'ॲड.' एका यादीत ॲ या स्वतंत्र अक्षराने लिहिलेले, जे युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि दुसऱ्या यादीत अ वर चंद्र देऊन. दिसायला तेही तंतोतंत सारखे. ही नऊ नावे यंत्राने जुळवता येतात: र, हलन्त, जॉइनर असे दिसले की त्या जागी ऱ आणि हलन्त धरायचे, अ वर चंद्र दिसला की ॲ धरायचा. पण सभासदाच्या मूळ नावाला हात लावायचा नाही. जुळणीसाठी वेगळा रकाना करायचा आणि बदल त्यात करायचा. माणसाचे नाव त्याने लिहिले तसेच राहिले पाहिजे, यावर मी अडून बसलो आणि कोणी विरोध केला नाही.

उरली पाच. त्यांचे कोडे त्या हिंदी भाषक मुलाने उलगडले. तो म्हणाला, हमारे यहाँ तो ये अक्षर है ही नहीं, मैं टाइप करता तो रेफ लगाता. तीन नावांत तसेच झाले होते, गोऱ्हेचे गोर्हे. इंदूरच्या कचेऱ्यांत टाइप करणारी माणसे बहुतेक हिंदी; त्यांच्या हाताला हा र ओळखीचा नाही आणि ळ तर त्याहून नाही. राहिलेली दोन नावे ळ ची होती, काळेचे काले झालेले.

एकजण उत्साहात म्हणाला, मग सगळे रफार अर्धे करून टाका, सगळे ल आणि ळ एक धरा, चौदाही सुटतील. दादा उठून फळ्यापाशी गेला आणि त्याने खडूने चार शब्द लिहिले: दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना. "समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या एक करणार का? गुरूंना द्यायची दक्षिणा स्वयंपाक्यांना देणार?" मग मुलीकडे वळून म्हणाला, "तुझ्या प्रोग्रामची पहिली चाचणी ही लिही. या दोन जोड्या जुळल्या, तर प्रोग्राम चुकला." तिने बॅग खाली ठेवली आणि लिहायला घेतले. काले नावाची माणसेही असतात, काळे नावाचीही. त्यातला कोण कोण हे यंत्राला विचारून उपयोग नाही, त्या माणसालाच विचारायला हवे. पाच नावे, पाच फोन.

त्या दिवशी ओळ मी खोडली नाही. पुढच्या रविवारी ती आली ती थेट पुढे येऊन बसली. नऊ नावे जुळून पैसे जमा झाले होते. पाच फोनही झाले होते. रफारवाली तिन्ही आणि ळ मधले एक, अशी चार नावे संस्थेने अर्ज घेऊन दुरुस्त केली. पाचवे गृहस्थ फोनवर म्हणाले की ते काळेच, पण बँकेच्या पासबुकात काले आहे, आणि ते दुरुस्त करून आणल्याशिवाय ते पैसे घेणार नाहीत. मी फळ्यावरची बाकी ओळ पुसली आणि कोपऱ्यात 'काळे, १' एवढे ठेवले.