मागच्या दाराची कडी

रविवारी रात्री जेवणे आटोपली की आठवड्याचे सहा शर्ट इस्त्रीला घ्यायचे आणि समोर 'क्रिमिनल माइंड्स' या अमेरिकन मालिकेचा एक भाग लावायचा, असा माझा कित्येक वर्षांचा रिवाज आहे. त्यात हिशेबही चोख जुळतो. जाहिराती वगळल्या तर एक भाग साधारण ४२ मिनिटांचा असतो आणि कॉलर, बाह्या, पुढची पट्टी, पाठ या क्रमाने रमतगमत गेले तर सहा शर्टांनाही तेवढाच वेळ लागतो. पहिल्या शर्टाच्या कॉलरला प्रेत सापडते; दुसरा होईतो एफबीआयच्या मंडळींचे विमान उडालेले असते; चौथ्या शर्टाला ही मंडळी स्थानिक पोलिसांना समोर उभे करून गुन्हेगाराचे वय, स्वभाव, बालपण आणि क्वचित त्याची गाडीसुद्धा सांगून मोकळी होतात; आणि सहावा शर्ट हँगरला लागेपर्यंत तो माणूस बेड्यांत असतो. भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी कोणा थोरामोठ्याचे वचन ऐकवले जाते. आपल्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज सुविचार लिहीत, त्याचीच ही सातासमुद्रापलीकडची आवृत्ती असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

ही मालिका सप्टेंबर २००५ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत पंधरा हंगाम चालली. पुढे २०२२ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. व्हर्जिनिया राज्यातल्या क्वांटिको येथे बसणारे एफबीआयचे पथक गुन्ह्याच्या खुणांवरून गुन्हेगाराच्या मनाचा नकाशा काढते, एवढाच तिचा मामला. या पथकाचा लाडका शब्द म्हणजे 'अनसब'. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला परक्या देशात गाववाला भेटल्यासारखे झाले होते, कारण आपल्याकडच्या फिर्यादीतला 'अज्ञात इसम' तो हाच. नोकरीत माझी वीस-बावीस वर्षे विभागीय चौकश्यांची कागदपत्रे तयार करण्यात गेली. त्यामुळे 'सदर इसम', 'उपरोक्त दिवशी', 'समक्ष विचारल्यावरून सांगतो की' ही भाषा माझ्या बोटांत इतकी भिनली आहे की वाण्याच्या यादीतही कधीतरी 'सबब' येऊन जाते.

शंभराव्या भागाने मात्र माझा रविवारचा हिशेब मोडला. २५ नोव्हेंबर २००९ रोजी अमेरिकेत दाखवलेल्या या भागाचे नावही नुसते '१००' असे आहे. मी तो बऱ्याच उशिराने पाहिला आणि तिसऱ्या शर्टावर असताना पाहिला, हे पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

पथकाचा प्रमुख एरन हॉचनर, म्हणजे सगळ्यांचा हॉच, हा हसू विसरलेला, टाय कधी सैल न करणारा माणूस. जॉर्ज फोयेट नावाचा खुनी त्याच्या मागे लागलेला आहे. बोस्टनमध्ये 'रीपर' या नावाने दहशत घालणाऱ्या या माणसाने एका पोलीस अधिकाऱ्याशी सौदा केला होता, की तू माझा माग सोड, मी मारणे सोडतो. तोच सौदा त्याने हॉचपुढे ठेवला आणि हॉचने तो धुडकावला. तेव्हा फोयेटने हॉचच्याच घरात शिरून त्याच्यावर सुऱ्याने वार केले, जीव मात्र मुद्दाम राखला. त्यामुळे घटस्फोट झालेली पत्नी हेली आणि लहानगा जॅक यांना नाव-गाव बदलून सरकारी संरक्षणात दडवावे लागले. शंभराव्या भागात फोयेट त्यांना शोधून काढतो. त्याने घेतलेल्या खोट्या नावाचा उलगडा मोठा गमतीचा आहे. 'पीटर ऱ्हीआ' या नावाची रोमन अक्षरे फिरवून लावली की 'द रीपर' तयार होते. मी इस्त्री बाजूला ठेवून वर्तमानपत्राच्या कडेला ती अक्षरे मांडून पाहिली, तर खरोखरच नऊच्या नऊ जुळली. काना-मात्रांच्या आपल्या लिपीत असली लबाडी करणे अवघडच.

या भागाची सांगण्याची रीत मला, माझ्या धंद्यामुळे असेल, फार जवळची वाटली. जे व्हायचे ते होऊन गेलेले आहे आणि स्ट्रॉस नावाच्या वरिष्ठ बाई पथकातल्या एकेकाला समोर बसवून जबाब घेत आहेत. प्रत्येक जण मोजूनमापून बोलतो, कोणी नजर चुकवतो, कोणी बाईंवरच उखडतो, आणि त्या जबाबांच्या फटींतून घडलेली गोष्ट आपल्याला तुकड्या-तुकड्यांनी दिसते. समोरचा माणूस खोटे न बोलताही सहकाऱ्याला कसा वाचवतो, हे मी टेबलाच्या अलीकडे बसून इतक्या वेळा पाहिले आहे की तिथल्या नटांच्या नुसत्या गप्प बसण्यालाही मी मनातल्या मनात गुण देत होतो.

आणि मग तो फोन येतो. फोयेटने संरक्षण अधिकाऱ्याचा छळ करून त्याचा फोन मिळवला आहे, हॉच मेला असे खोटेच सांगून हेलीला जुन्या घरी बोलावले आहे, आणि हॉच गाडी पिटाळत असताना तिघे एकाच वेळी फोनवर आहेत. हॉच तिला सांगतो की त्याच्यासमोर दुबळेपणा दाखवू नकोस. हा झाला मनाच्या नकाशाचा सल्ला, शंभर टक्के बरोबर आणि त्या क्षणी अगदीच निरुपयोगी, कारण नकाशा ज्याचा काढला तोच माणूस तिच्यापुढे शस्त्र घेऊन उभा आहे. मग हॉच मुलाला फोनवर घेतो आणि म्हणतो, "जॅक, मला तुझी मदत हवी. माझ्याबरोबर केसवर काम करशील?"

फोयेट हे ऐकतो, आणि त्याला त्यात काहीच सापडत नाही. लहान पोराशी बापाने बोलावे तसे ते बोलणे आहे. पण 'केसवर काम करणे' म्हणजे बाबांच्या कामाच्या खोलीतल्या पेटीत जाऊन बसणे, हा त्या बापलेकांचा आपसातला संकेत आहे. पोरगा आईला सांगतो की मला जायला हवे, मी केसवर आहे. आई त्याला घट्ट मिठी मारते आणि तो जातो. मागे राहिलेली हेली हॉचला सांगते, की आपण कसे भेटलो ते त्याला सांग, तू नेहमीच असा गंभीर नव्हतास हे त्याला कळू दे. नंतर फोनवर फक्त गोळ्यांचे आवाज येतात.

नेमक्या या ठिकाणी मला जळका वास आला. शर्टाच्या पाठीवर इस्त्री तशीच टेकलेली होती.

शंभर भाग ज्यांनी परक्यांची मने उघडी करून दाखवली, त्यांच्या प्रमुखाच्या पोराला वाचवले ते अशा चार शब्दांनी, जे परक्याला उघडताच येत नाहीत, ही गोष्ट मला त्या रात्रीपासून सुटलेली नाही. असे शब्द घरोघरी असतात. आमच्या जुन्या घरी अवचित पाहुणे आले की आई स्वयंपाकघरातून गोड आवाजात म्हणायची, "जरा मागच्या दाराची कडी बघून ये रे." कडी कधीच निघालेली नसे. त्याचा अर्थ असा, की साखर संपली आहे, परसातून शेजारी जा आणि वाटीभर घेऊन ये, आणि वाटी शर्टाखाली धर. पुढच्या खोलीत बसलेल्या एकाही पाहुण्याला इतक्या वर्षांत संशय आला नाही. एक काका तर घरातल्या शिस्तीचे कौतुक करून गेले होते.

गुन्हेगाराच्या मनाचा नकाशा काढण्याच्या विद्येचा इतिहास सांगताना ज्या प्रकरणापासून आरंभ करतात, तिथेही असाच एक शब्द दडलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून, मधली युद्धाची वर्षे सोडून, कोणी अज्ञात इसम चित्रपटगृहांत, स्थानकांत बॉम्ब ठेवत होता. १९५६ च्या अखेरीस पोलिसांनी जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञांना गाठले. हा माणूस सापडेल तेव्हा दुहेरी छातीचा कोट घालून असेल आणि कोटाची बटणे लावलेली असतील, असे आपण सांगितले होते, हे ब्रसेल यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले. जानेवारी १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्की पकडला गेला, आणि पायजमा बदलून पोलिसांबरोबर निघाला तो बटणे लावलेल्या तशाच कोटात. कोट अजरामर झाला. पण मेटेस्कीचे नाव शोधले ते ॲलिस केली या वीज कंपनीतल्या कारकून बाईंनी. कामावर असताना जखमी झालेल्यांच्या नुकसानभरपाईच्या जुन्या फाइली चाळताना त्यांना एका पत्रात तेच ठेवणीतले शब्द दिसले, जे बॉम्बवाल्याच्या छापून आलेल्या पत्रांत होते. फाइलींत आयुष्य घातलेला माणूस या नात्याने मी त्या बाईंच्या बाजूचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. माणूस आपल्या शब्दांवरून ओळखू येतो, पण त्यासाठी ते शब्द आधी कोणाच्या तरी नजरेखालून गेलेले असावे लागतात. जॅकचे शब्द फोयेटने कधी ऐकलेले नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. हॉच पोहोचतो, हेली मृत आहे, फोयेट घरातच आहे. दोघांची झटापट होते आणि हॉच त्याला नुसत्या हातांनी, तो मेल्यानंतरही, मारत राहतो. पथकातला मॉर्गन त्याला ओढून बाजूला काढतो. भानावर आल्यावर हॉच धावत जातो आणि पेटीचे झाकण उघडतो. आत जॅक आहे, आणि तो बापाला म्हणतो, की तुम्ही सांगितले तसे मी केसवर काम केले. ही मालिका पुष्कळदा भडक होते, रक्ताचा तिला सोसही आहे. पण इथे तिने पेटीचे झाकण उघडले आणि एकाही वाक्याची पुस्ती जोडली नाही.

स्ट्रॉसबाईंची चौकशी शेवटी हॉचच्या बाजूने संपते. तो माणूस जिवंत राहिला असता तर मुलाला सोडले नसते, हे बाईंना पटते आणि त्या कागद मिटतात. सवयीने माझ्या मनात त्या अहवालाचे परिच्छेद तयार होऊ लागले. घटनास्थळ, मयत इसम, झटापट, साक्षीदारांचे जबाब, हे सर्व ओळीने बसत गेले. पेटीपाशी मात्र मी अडलो. 'सदर बालकास पूर्वसंकेतानुसार सूचना देण्यात आली' असे एक वाक्य जमले. ते नियमाप्रमाणे बरोबरही होते, आणि मला वाचवत नव्हते.

शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी त्रिकोण कायमचा उमटला आहे. तो शर्ट मी थंडीत स्वेटरखाली घालतो. हे कसे झाले, असे पत्नीने दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा मी 'समक्ष विचारल्यावरून सांगतो की' अशी सुरुवात केली खरी, पण तिने मला मध्येच थांबवले आणि मागच्या दाराची कडी बघून यायला सांगितले. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्याला मागचे दार नाही. मी पिशवी घेतली आणि साखर आणायला खाली उतरलो.