पेबल बीच, पॅसिफिक ग्रोव्ह आणि पहिल्या नंबराचं भांडण

अमेरिकेतल्या सर्वोत्तम पब्लिक, म्हणजे पैसे भरून कोणीही खेळू शकेल अशा, गोल्फ कोर्सची कुठलीही यादी काढा, वरच्या ओळींत पेबल बीच, पॅसिफिक ड्यून्स, बेथपेज ब्लॅक हीच नावं आलटून-पालटून दिसतात. आमच्या चौकडीत यावरून कायम जुंपते. म्हणून कॅलिफोर्नियात माँटेरेला जायचं ठरलं तेव्हाच अट घातली: पेबल खेळायचं, आणि त्याच्या शेजारी पॅसिफिक ग्रोव्ह शहराच्या मालकीचा कोर्स आहे तोही खेळायचा. मग काय ते भांडू.

आधी पेबलचं बुकिंग, कारण खरी गोम तिथेच आहे. ग्रीन फी, म्हणजे एका फेरीचे पैसे, सहाशे डॉलरच्या वर. रिसॉर्टमध्ये मुक्काम करणाऱ्याला कित्येक महिने आधी टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, मिळतो. बाहेरच्याने आदल्या दिवशी विचारायचं आणि उरलंसुरलं असेल ते घ्यायचं. चौघांना एकत्र वेळ हवी असेल तर मुक्कामाला पर्याय नाही, आणि तिथलं खोलीचं भाडं ग्रीन फीलाही लाजवतं. एकटे जात असाल तर मात्र खुशाल बाहेर स्वस्तात राहा आणि आदल्या दिवशी फोन करा. कुठल्या तरी तिघांत एक जागा निघण्याची शक्यता बरी असते.

वेळ निवडता आली तर सकाळची घ्या. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या भागावर, पोआ जातीचं गवत आहे, दुपारपर्यंत ते उंचसखल होतं आणि चार फुटांचा सरळ पट, भोकाकडे नुसता ढकलायचा फटकासुद्धा शेवटच्या वितीत मान वळवतो. ग्रीन तशी फारच लहान, त्यामुळे लांब फटक्याच्या ड्रायव्हरपेक्षा जवळच्या फटक्याच्या वेजचा सराव करून जा. गोल्फ कार्टचे पैसे वाचवा: कार्ट बहुतेक वेळा रस्त्यावरच ठेवावी लागते आणि चेंडूपर्यंत चालणं काही चुकत नाही. त्यापेक्षा चौघांत मिळून एखादा कॅडी, सोबत चालणारा मदतनीस, करा.

आता मैदान. जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट या हौशी खेळाडूंनी आखलेला हा कोर्स 1919 साली सुरू झाला. अठरा होलपैकी, म्हणजे टप्प्यांपैकी, सुरुवातीचे शांत आहेत. चौथ्याला समुद्र येतो आणि दहाव्यापर्यंत सोडत नाही. सातवा होल जेमतेम 106 यार्डांचा, उतारावरचा. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की खाली बंकरांनी, वाळूच्या खड्ड्यांनी, वेढलेली इवलीशी ग्रीन आणि तिच्यामागे थेट खडकांवर आपटणारं पाणी. वारा नसेल तर साधा वेजचा फटका. आम्हाला वारा समोरून होता. चौघांपैकी एकाने वेजपेक्षा खूप लांब मारणारं सहा नंबरचं आयर्न काढलं, बाकीचे हसले आणि ग्रीनवर थांबला तो त्याचाच चेंडू. आठव्याचा दुसरा फटका कड्यावरून दरीपलीकडे मारायचा. असा फटका मी दुसरीकडे कुठे मारलेला नाही.

पण अकरा ते सोळा? चांगले आहेत, एवढंच. हे होल समुद्रापासून दूर दुसऱ्या एखाद्या कोर्सवर असते तर कोणी फोटोही काढला नसता. सतराव्याला समुद्र परत येतो आणि अठरावा, डाव्या हाताला पाणी ठेवून वळत जाणारा पार पाच (पाच फटक्यांत पुरा व्हावा असा), सगळं विसरायला लावतो. यादीवाल्यांनाही बहुधा तोच विसरायला लावत असावा.

पॅसिफिक ग्रोव्हची पहिली नऊ होल घरांमधून आणि झाडांमधून जातात. सुरुवातच सलग दोन पार तीनने, हे जरा विचित्रच. हरणं फेअरवेवर, टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर, बसलेली असतात, ती उठत नाहीत. नंतरची नऊ मात्र 1855 च्या पॉइंट पिनोस दीपगृहाभोवती, वाळूच्या टेकड्यांतून. ही नऊ होलही त्याच जॅक नेव्हिलची, 1960 सालची. चेंडू फेअरवेबाहेरच्या जाड पानांच्या आइस प्लांटमध्ये गेला तर शूरपणा नको. मनगट दुखेल आणि चेंडू तिथेच राहील. पेबलच्या एका फेरीच्या पैशात इथे पाच फेऱ्या सहज होतात. क्रम लावताना पॅसिफिक ग्रोव्ह आदल्या दिवशी ठेवा. या किनाऱ्याचा वारा अंगवळणी पडतो, आणि पेबलनंतर खेळलात तर या मैदानावर अन्याय कराल.

रात्री जेवताना अपेक्षेप्रमाणे पेटलं. एकाचं म्हणणं, कोर्स कसा आहे एवढंच बघा, पैसे हा खेळणाऱ्याचा प्रश्न. अशी यादी काढणाऱ्या गोल्फ डायजेस्ट मासिकाचे परीक्षक तेच करतात: फटक्यांचे पर्याय, आव्हान, आखणीतलं वैविध्य, वेगळेपण, सौंदर्य, निगा, व्यक्तिमत्त्व, मजा. या यादीत किंमत नाही, टी टाइम मिळतो का हेही नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. खासगी क्लबांच्या यादीत हे निकष पुरेत, कारण तिथे आपल्याला प्रवेशच नसतो. जिथे कोणीही खेळू शकतो हीच यादीत येण्याची अट आहे, तिथे तो ‘कोणीही’ खरोखर किती जणांचा, हे मोजायला नको?

माझं मत बेथपेज ब्लॅकला. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी उद्यानातला कोर्स, 2002 साली तिथे गोल्फची मोठी स्पर्धा यूएस ओपन झाली. पहिल्या टीपाशी पाटी आहे: हा कोर्स अत्यंत अवघड आहे, निष्णात खेळाडूंनीच खेळावा. कार्ट नाही, चालायचंच. राज्यातल्या रहिवाशांना निम्म्याच्या आसपास दर, आणि टी टाइमसाठी लोक पार्किंगमध्ये गाडीतच रात्र काढतात. पलीकडचा म्हणाला, रात्रभर गाडीत झोपायला लावणारा कोर्स सोयीचा कसा? मुद्दा बिनतोड होता. तरी झोपेची किंमत देणं मला जमतं, त्या खोलीची नाही.

जायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. उन्हाळ्यात सकाळी धुकं इतकं असतं की सातव्याचा समुद्र नुसता ऐकावा लागतो. आणि पेबल खेळायचं नसेल तरी 17 माइल ड्राइव्ह या तिथल्या रस्त्याच्या नाक्यावर गाडीचे थोडे डॉलर भरून आत जा. पेबलच्या लॉजच्या मागे अठराव्या ग्रीनपर्यंत कोणीही चालत जाऊ शकतं. तिथे उभं राहून इतरांचे पट हुकताना बघायला पैसे पडत नाहीत.