तंबोऱ्याचं बिल

स्पर्धेची जाहिरात भाचीने पाठवली तेव्हा मी त्यातल्या दोनच ओळी वाचल्या. विषय ‘आमच्या गावची कारागिरी’ आणि वेळ तीन मिनिटं. मिरजेत राहणाऱ्या माणसाला या विषयावर डोकं खाजवावं लागत नाही. सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. नववा नियम, ‘वापरलेले संगीत स्वतःचे अथवा परवानगी घेतलेले असावे, अन्यथा प्रवेशिका बाद’, हा आम्ही वाचला तो शूटिंग संपल्यावर. औषधाच्या डबीतली ती बारीक घडीची चिठ्ठीही मी पुरळ उठल्यावरच उलगडते.

शूटिंग मात्र मजेत झालं. तिथल्या तंबोरे बनवणाऱ्या चाचांच्या दुकानात छतापासून भोपळे लोंबत होते. हे भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात आणि त्यांची भाजी होत नाही, एवढं तरी मला आधीपासून ठाऊक होतं. चाचा एकेकावर टिचकी मारत आणि आवाज ऐकून तो बाजूला ठेवत. २०२४ साली इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मी कौतुक केलं, तर ते म्हणाले, “हां, मिळालं. जरा तो रंधा द्या इकडं.”

सगळ्यात सुंदर दृश्य मिळालं ते जवारीचं, म्हणजे तारेत गुंजन आणण्याचं. घोडीवर तार टेकते तिथे तारेखाली चाचा सुताचा एक धागा सरकवतात. केसभर पुढे, केसभर मागे. धागा चुकीच्या जागी असला की तार नुसतीच टण्ण करते. नेमक्या जागी आला की तीच तार गुंजायला लागते, भोपळ्यात मधमाश्यांचं पोळं असावं तशी. भाचीने श्वास रोखून मोबाइल धरला होता. फक्त त्याच वेळी मागे कुणीतरी “चाचा, दोन कट सांगू का?” म्हणून ओरडलं. म्हणून आम्ही ठरवलं की मूळ आवाज काढून टाकायचा आणि वरून छान संगीत लावायचं.

पहिल्यांदा लावला तुकोबांचा एक अभंग, आपल्या सगळ्यांच्या कानात ज्या आवाजात बसलाय त्याच आवाजातला. “मावशी, दहा सेकंदांपर्यंत चालतं,” भाची म्हणाली. हा दहा सेकंदांचा नियम सगळ्यांना पाठ आहे. कुणी तो तीस सेकंदांचा सांगतं. कॉपीराइटच्या कायद्यात तो कुठेच नाही. स्पर्धेसाठी यूट्यूबची लिंक पाठवायची होती, म्हणून आधी गुपचूप चढवून पाहिलं, तर काही मिनिटांत गाण्याच्या हक्कदाराचा दावा हजर. “नुसता दावा आहे, स्ट्राइक नाही,” भाचीने धीर दिला. स्ट्राइक म्हणजे कॉपीराइट मोडल्याची ताकीद, नव्वद दिवसांत तीन झाल्या की चॅनलच बंद होतं म्हणे. दाव्यात तसं काही नाही. व्हिडिओची कमाई हक्कदाराकडे जाते, नाहीतर आवाज बंद होतो, फार तर व्हिडिओ अडतो. पण मला रागच आला. तुकोबांवर दावा सांगणारे हे कोण?

मग बसून वाचलं, तेव्हा कळलं की ज्याला मी जन्मभर ‘आपलं गाणं’ म्हणत आले, ते एक गाणं नसून तीन मजली वाडा आहे. तळमजल्यावर शब्द. ते तुकोबांचे, सगळ्यांना मोकळे. पहिल्या मजल्यावर चाल. ती लावणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात साठ वर्षं तिच्यावर हक्क असतो. श्रीनिवास खळे २०११ साली गेले, म्हणजे त्यांनी तुकोबांच्या अभंगांना लावलेल्या चाली २०७१ संपेपर्यंत मोकळ्या होणार नाहीत. तोवर मी कुठे असेन हे सांगायला ज्योतिषी नको. वरच्या मजल्यावर ध्वनिमुद्रण, त्याची प्रसिद्धीपासून वेगळी साठ वर्षं. पूर्वी हा हिशोब पन्नासाचा होता. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, पन्नास वर्षं भरत आली आणि त्या सुमारास आपल्याकडे मुदत दहा वर्षांनी वाढली.

राग निवळला तो मात्र दुसऱ्याच कारणाने. गीतकार-संगीतकारांनी वर्षानुवर्षं एकरकमी पैसे घेऊन सगळं लिहून द्यायचं आणि पुढे गाणं घराघरांत वाजत राहिलं तरी त्यांच्या हाती काही यायचं नाही, अशी रीत होती. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना रॉयल्टीतला वाटा मिळाला, आणि तो वाटा त्यांना सही करूनही सोडून देता येत नाही. हे वाचल्यावर मी फुकटात कशावर हात मारत होते ते लक्षात आलं.

आमच्या ह्यांनी तेवढ्यात कायद्यातली एक पळवाट शोधली. ५२व्या कलमात धार्मिक समारंभाला सूट आहे आणि त्यात लग्नाची वरातही येते. “वरात काढू, तिच्यात तुमचा व्हिडिओ दाखवू,” ते म्हणाले. नवरदेव कोण, ते नाही सांगितलं.

भाचीने फुकट संगीताच्या साइट धुंडाळल्या. तिथे ‘भारत’ या खात्यात जे निघालं, त्यात उंट चाललाय असं वाटत होतं. एक बासरी खरोखर गोड होती, पण तिच्या परवान्यात ‘एनडी’ ही अक्षरं होती. म्हणजे तिच्यात फेरफार करायचा नाही, आणि हे परवाने ठरवणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेच्या हिशोबात सूर चित्राला जोडणं हाही फेरफारच. बासरी तशीच्या तशी ऐका, भोपळा दाखवू नका.

मग मला जुने गवई अब्दुल करीम खाँसाहेब आठवले. मिरजेचेच म्हणायचे, दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्यांची मुदत केव्हाच संपलेली, ठुमरी पारंपरिक. तिन्ही मजले मोकळे! आम्ही लावली आणि पुन्हा दावा आला. कुणीतरी ती जुनी तबकडी घासूनपुसून आपल्या यादीत टाकली होती आणि यूट्यूबच्या यंत्राला तारखा वाचता येत नाहीत, ते फक्त ठसे जुळवतं. हरकत घेता येते, पण समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस. आमच्याकडे आठ होते.

शेवटी अक्कल आली ती भाचीला. “मावशी, व्हिडिओ तंबोऱ्याचा आहे आणि आपण संगीत शोधतोय.”

पुन्हा दुकानात गेलो. चाचांनी तंबोरा मांडीशी घेतला, प सा सा सा, खुंट्या पिळल्या, मणी सरकवले आणि छेडत राहिले. अंगावर काटा आला. घरी येऊन चढवला तर एकोणीस सेकंदांवर दावा. मी हेडफोन लावून दहादा ऐकलं तेव्हा उमगलं. समोरच्या टपरीवर रेडिओ चालू होता, आणि जवारीच्या मागे, मुंगीएवढ्या आवाजात, एक सिनेमातलं गाणं. मला ते ओळखायला इतका वेळ लागला, यंत्राला चहा निवायच्या आत समजलं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. टपरी बंद. एक कोंबडा आरवला, पण त्याने दावा केला नाही. दोन मिनिटं चाळीस सेकंद. आता लेखी परवानगी राहिली होती, कारण वाजवणाऱ्याचाही हक्क असतो. मी चाचांना तीन मजले समजावून सांगितले. ते धागा चिमटीत धरून ऐकत होते.

“म्हणजे शब्दवाल्याला पैसे, चालवाल्याला, गाणाऱ्याला, तबकडीवाल्याला.”

“हो.”

“आणि तंबोरेवाल्याला?”

मी म्हणाले, “त्याला तंबोऱ्याची किंमत मिळते. एकदाच.”

“हां,” चाचा म्हणाले. “लिहा मग काय ते.”

कागद नव्हता. त्यांनी गादीखालून बिलबुक काढलं, कार्बन नीट केला आणि स्वतःच लिहिलं. माल: तंबोऱ्याचा आवाज. नग: १. दराच्या रकान्यात आडवी रेघ. खाली सही केली आणि पान फाडून दिलं. सहीच्या बरोबर वर आधीच छापलेलं होतं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.