चार दिवस सांभाळलेला अननस

एकदा प्रवासात मी एक अननस चार दिवस सांभाळला होता. बाजारात घेतला तेव्हा हिरवागार, म्हटलं काय घाई आहे, होईल पिवळा, रूमच्या खिडकीत ठेवला, रोज सकाळी उठून त्याचा वास घ्यायचे, बोटाने दाबून बघायचे, नवरा हसायचा, आणि चौथ्या दिवशी कापला तर बुडाला सडलेला आणि आत आंबटढाण!! नंतर कळलं की अननस एकदा झाडावरून काढला की त्याची गोडी वाढतच नाही. साल पिवळी होते, फळ मऊ पडतं, पण साखर काढताना होती तेवढीच. म्हणजे चार दिवस मी त्याला पिकवत नव्हते, सडवत होते.

तेव्हापासून बाजारात पाऊल टाकलं की आधी मनात दोन ढीग करते. आंबा, पपई, केळी, चिकू, सीताफळ ही काढल्यावर पिकणारी मंडळी. ती आपले मुक्कामाचे दिवस मोजून घ्यायची, म्हणजे आज खायला एक तयार, परवासाठी एक पाडाचं, असं. आणि अननस, लिची, लिचीच्याच कुळातली रामबुतान आणि लोंगन, ड्रॅगनफ्रूट ही न पिकणारी, ती आजच्याआज खाण्यापुरतीच. पावशेर मागितलं तर विकणारी बाई कधीकधी तोंड वाकडं करते, करू दे.

आणि हो, हॉटेलच्या फ्रिजचा मोह आवरा. कच्चा आंबा १० अंशांच्या खाली ठेवला की त्याला थंडी बाधते, सालीवर काळे डाग पडतात आणि मग बाहेर काढून कितीही वाट बघा, तो नीट पिकत नाही. टेबलावर कागदात गुंडाळून ठेवा आणि पिकला की मग खुशाल गार करा.

माझं सगळ्यात लाडकं मँगोस्टीन, त्यावर जरा जास्तच लिहिणार आहे. जांभळं, मुठीत मावेल एवढं. वरच्या बाजूला हिरवी टोपी, ती ताजी हवी, वाळून तपकिरी झालेली नको. मग फळ उलटं करा, बुडाशी छोट्या फुलासारखी नक्षी दिसेल, तिच्या पाकळ्या मोजा, आत बरोब्बर तेवढ्याच फोडी निघतात! मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा थाप वाटली, म्हणून रूमवर बसून एकेक मोजून फोडलं, पाच तर पाच, सात तर सात. शक्यतो जास्त पाकळ्यांचं निवडते, कारण फोडी जास्त म्हणजे त्या लहान, आणि जाड बी बहुतेक मोठ्या फोडीतच असते. साल अंगठ्याने दाबली की थोडी दबली पाहिजे, दगडासारखी लागली तर फळ जुनं. सालीवर पिवळा चीक वाळलेला दिसला तर तेही ठेवून द्या, आत कडवट लागू शकतं. फोडताना पांढरा टॉवेल लांब ठेवा. मी नाही ठेवला. सालीच्या रसाचा डाग निघता निघत नाही आणि हॉटेलने त्या टॉवेलचे पैसे बिलात लावले, माझीच चूक, पण राग आला तो आलाच.

रामबुतानचं सोपं आहे, सालीवरच्या केसांची टोकं बघा, काळी पडून वाळली असतील तर शिळं. फक्त वरून पाणी मारून ठेवलेलं असतं म्हणून फसू नका, खालचा घड उचलून बघा.

मोसमाचा एक घोळ मी बरीच वर्षं घातला. तारीख बघून जायचे, जागा बघायचेच नाही. थायलंडमध्ये ड्युरियन (ते काटेरी, उग्र वासाचं फळ) आणि मँगोस्टीनचा जोर साधारण मे ते ऑगस्ट, पण विषुववृत्त ओलांडून बालीला गेलात तर रामबुतानचे ढीग डिसेंबर-जानेवारीत लागतात. उत्तर ऑस्ट्रेलियातला आंबाही वर्षाच्या शेवटीच. ड्युरियन घेणार असाल तर तिथेच उभं राहून खा, सिंगापूरच्या मेट्रोत ते न्यायला मनाई आहे आणि बरीच हॉटेलं आत येऊ देत नाहीत. वास काय असतो ते एकदा घेतलात की बंदीचं आश्चर्य वाटणार नाही.

अनोळखी फळ दिसलं की आधी विकणाऱ्याला खुणेने विचारायचं, कसं खायचं? बिया थुंकायच्या की गिळायच्या? यात लाजू नका. जमैकातलं अ‍ॅकी घ्या, ते झाडावर आपणहून उकलेपर्यंत विषारी असतं, आणि उकलल्यावरही त्याच्या काळ्या बिया खायच्या नसतात. कापून ठेवलेल्या फोडी मी घेत नाही, सुरी कुठली, बर्फ कुठल्या पाण्याचा, कोण बघतंय, अख्खं फळ घेऊन स्वतः सोललेलं बरं.

शेवटच्या दिवशी मात्र हात आखडता घ्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये उतरताना बॅगेतलं फळ सांगितलं नाही तर दंड होतो, कारण एका फळातल्या फळमाशीच्या अळ्या तिथल्या अख्ख्या बागांना पुरतात. मागच्या खेपेला निघताना आमच्याकडे सहा मँगोस्टीन उरली होती, मग टॅक्सी येईपर्यंत हॉटेलच्या पायरीवर बॅगांवर बसूनच संपवली, दोघांची बोटं जांभळी, आणि विमानतळावर पासपोर्ट दाखवताना मी हात खिशातून काढायलाच तयार नव्हते.