उसनं चिलखत आणि हरवलेलं ओळखपत्र

युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरात पत्रकाराला बुलेटप्रूफ जॅकेट वाचनालयातल्या पुस्तकासारखं घरी नेता येतं. वहीत नाव, नगाचा क्रमांक, परतीची तारीख आणि सही. भाडं नाही. 2022 मध्ये रशियाने पूर्ण आक्रमण केलं तेव्हा युक्रेनच्या राष्ट्रीय पत्रकार संघाने ल्विव्ह, इव्हानो-फ्रँकिव्ह्स्क, चेर्निव्त्सी आणि मग कीव्ह, झापोरिझ्झिया अशी पत्रकार एकजूट केंद्रं उघडली. आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय पत्रकार महासंघ पाठीशी होते, युनेस्कोही होती. खार्किव्ह, मारियुपोलकडून एका बॅगेनिशी निघालेल्या बातमीदाराला तिथे बसायला टेबल मिळतं, इंटरनेट मिळतं आणि सल्ला द्यायला माणूस मिळतो.

चिलखताबद्दल नीट सांगायला हवं, कारण नुसतं अंगात घालून भागत नाही. कापडी थर पिस्तुलाची गोळी आणि छर्रे अडवतो. रायफलच्या गोळीसाठी पुढे-मागे पाटा, म्हणजे कडक प्लेट, लागतोच. पाटे आणि हेल्मेट धरून एकूण वजन दहा किलोच्या पुढे जातं. नवखा माणूस पट्टे सैल ठेवतो, मग पाटा पोटावर घसरतो आणि काळीज उघडं पडतं. पाट्याची वरची कड गळ्याखालच्या खळग्याशी यायला हवी. सिरॅमिकचा पाटा फरशीवर आपटला तर वरून धड दिसतो, पण आतून तडकलेला असू शकतो. म्हणून परत देताना ‘हातातून पडला होता’ हे सांगायलाच हवं. न सांगणारा पुढच्या माणसाचा जीव धोक्यात घालतो.

रक्त थांबवायचा पट्टा, म्हणजे टूर्निके, प्लास्टिकच्या वेष्टनातून आधीच काढून दोन्ही हात पोहोचतील अशा जागी अडकवायचा. जखमेच्या वर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत पिळायचा आणि बांधल्याची वेळ लिहायची. स्वस्त नकली पट्ट्यांची दांडी पिळतानाच मोडते. सरावाचा पट्टा वेगळा ठेवायचा, तो ताणून सैलावलेला असतो. छातीवरची ‘प्रेस’ ही पट्टी वेल्क्रोवर असते ती काढता यावी म्हणून. ड्रोन माणूस हेरून मारतात तिथे अनेकजण ती अक्षरं उतरवून ठेवतात. हे लिहितानाही जड जातं.

खरा संताप येतो तो कागदांचा. गाव शत्रूच्या ताब्यात, वृत्तपत्र बंद, संपादक बेपत्ता, आणि मदत मागायला गेलं की पुढ्यात येतो ‘नोकरीचा पुरावा’. तो द्यायचा कुणी? केंद्रं यावर साधी वाट काढतात: संघाचं सभासदत्व, जुन्या अंकांतली नावानिशी छापलेली बातमी, ओळखणाऱ्या सहकाऱ्याची साक्ष. आपल्याकडे तालुक्याच्या वार्ताहराला अधिस्वीकृती कार्ड मिळवताना काय दिव्य करावं लागतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तरी पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने 2017 मध्ये केला, हेही मी इथे ठणकावून सांगते. कायदा आपल्याकडे आहे. उसन्या चिलखताची अशी वही मात्र नाही.

ताब्यातल्या भागातून निघण्यापूर्वी फोन साफ करायचा, पण पूर्ण कोरा नाही, कारण कोरा फोनच चौकीवर संशय ओढवतो. कामाची खाती बंद करायची, टेलिग्राममधली चालू लॉगिन दुसऱ्या उपकरणावरून संपवायची, घरगुती फोटो राहू द्यायचे. मागे राहिलेल्या नातलगांसाठी बातमीवरचं नाव काढायचं. मार्च 2022 मध्ये मेलितोपोलच्या एका संकेतस्थळाच्या संचालिकेचे वृद्ध वडील ओलीस धरले गेले, ते तिच्यावर दबाव आणायला. एखाद्याचं नाव छापलं नाही म्हणून त्याला भित्रा म्हणू नका.

वीज जाते तेव्हाचं गणित भारनियमनात वाढलेल्या आपल्या लोकांना लगेच कळेल. वीस हजार एमएएचची पॉवर बँक कागदावर 74 वॉट-तास असते. गळती धरून हाती 50 च्या आसपास येतात: एक लॅपटॉप एकदा, किंवा दहा वॉटचा राउटर साधारण पाच तास. बऱ्याच राउटरना बारा व्होल्टची जोडतार लागते, साधी यूएसबी पुरत नाही. फायबर असेल तर घरची वीज गेल्यावरही नेट चालतं, मात्र कंपनीच्या केंद्रातली वीज टिकली पाहिजे. दोन्हीकडची वीज गेली की जनरेटर असलेलं पत्रकार केंद्र गाठायचं.

मी आहे त्या पोलंडमध्ये वळिवड्याचं नाव काढलं की जुन्या माणसांचे डोळे चमकतात. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश बायकामुलं राहिली आणि त्यांच्यासाठी ‘पोलाक व्ह इंडियाख’ (भारतातला पोलिश माणूस) हे नियतकालिक मुंबईहून निघत असे. विस्थापितांना भाकरीइतकीच आपल्या भाषेतली बातमी लागते, हे आपल्या मातीने तेव्हाच पाहिलं होतं.

तेच आज युक्रेनमध्ये दिसतं: आघाडीवरच्या ओरिखिव्ह गावच्या ‘त्रुदोवा स्लावा’ या वृत्तपत्राची माणसं झापोरिझ्झियात येऊन छापील अंक काढू लागली. गावात वीज नाही, नेट नाही, तोफा थांबत नाहीत. त्यामुळे कागदच पोहोचवायचा, आणि तो तळघरांपर्यंत हातानेच न्यावा लागतो.