दख्खन मोडची नवी आवृत्ती: धर्म, बंड आणि तह यांची फेरजुळणी

युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ या संगणकावरच्या इतिहासाच्या गेमसाठी मी दख्खन मोड, म्हणजे त्या गेमचे नियम बदलणारी जोड, करतो आहे. या खेपेला सगळा वेळ एकाच प्रश्नावर गेला: सुलतानाने पंथ बदलला की दख्खनमध्ये नक्की काय हलायला हवं?

मूळ गेममध्ये याचं उत्तर ठरलेलं आहे. राजाचा धर्म एक आणि प्रॉव्हिन्सचा (नकाशावरच्या एका मुलखाचा) दुसरा, की टॉलरन्स (सहिष्णुता) घसरतो, अनरेस्ट (असंतोष) चढतो, बंडखोर उभे राहतात. मग एआय (संगणक चालवतो ती राज्यं) मिशनरी पाठवत बसतो आणि निजामशाही जुन्नर-पैठणच्या रयतेचा धर्म बदलायच्या मागे लागते. हे मला पटत नाही. गावगाडा देशमुख-देशपांड्यांच्या हातात होता, सुलतान शिया की सुन्नी याने कुणब्याचा सारा बदलत नव्हता. हादरायचा तो दरबार.

यूसुफ आदिलशहाचंच बघा. १५०२-०३ च्या सुमारास त्याने विजापुरात शिया खुत्बा (शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन) सुरू केला, शेजारी एकवटून चालून आले, त्याला वऱ्हाडात इमादशहाकडे जावं लागलं आणि खुत्बा मागे घ्यावा लागला. १५३४ मध्ये इब्राहिम आदिलशहा आला: सुन्नी खुत्बा, आफाकी (इराणकडून वगैरे आलेल्या परदेशी) अमिरांना नारळ, दख्खनी (इथले स्थानिक) अमीर वर, महसुलाचं दप्तर मराठीत. १५५८ मध्ये अली आला आणि पुन्हा शिया. म्हणजे पंथ बदलणं हा आफाकी आणि दख्खनी गटांतला सत्तापालटही होता.

म्हणून आता पंथबदलाने प्रॉव्हिन्सच्या अनरेस्टला धक्का लागत नाही. त्याऐवजी आफाकी आणि दख्खनी अशा दोन इस्टेट (गेममधले दरबारी गट) आहेत. शिया जाहीर केलं की आफाकींची निष्ठा ३० ने वाढते, दख्खनींची तेवढीच घटते; सुन्नी केलं की उलट. निष्ठा ३० च्या खाली गेलेला गट तख्तावर दुसरा शहजादा बसवायला बघतो. रयतेचं बंड वेगळ्या ट्रिगरवर आहे: वतन काढून घेतलं, किंवा लढाईने उजाड झालेल्या मुलखात साऱ्याची सूट दिली नाही, तरच. मिशनरी एआयकडून काढून घेतला आहे.

तहांचं गणित सगळ्यात अवघड गेलं, पण तिथेच मजा आली. अली आदिलशहा विजयनगरच्या रामरायाला सोबत घेऊन अहमदनगरवर चालून गेला होता. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा तर तख्तावर येण्याआधी काही वर्षं विजयनगरच्याच आश्रयाला होता. आणि हेच दोघे २३ जानेवारी १५६५ ला रामरायाविरुद्ध उभे! धर्माचा ओपिनियन मॉडिफायर (एका राज्याचं दुसऱ्याबद्दलचं मत कमीजास्त करणारा आकडा) कितीही फिरवला तरी एआय असं वागत नाही. भिन्नधर्मीय असल्याचा दंड मी पाव केला आणि भांडणाच्या किल्ल्यांना वजन दिलं: सोलापूर, कल्याणी, रायचूर. एकाच सत्तेकडे यातले दोन गेले आणि तिचं सैन्य कुठल्याही दोन शेजाऱ्यांच्या बेरजेहून मोठं झालं, की तिच्याविरुद्ध कोअलिशनचा (युतीचा) रस्ता उघडतो. सोयरिकीचा इव्हेंटही किल्ल्याला बांधला आहे: चांदबिबी विजापुरात येते, सोबत सोलापूर येतं.

मी न खेळता गेम आपोआप चालू दिला (ऑब्झर्व्हर मोड), तर निकाल समाधानकारक आहेत. विजयनगरविरुद्धची युती बहुतेक वेळा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात होते आणि विजयनगर पडलं की लगेच फुटते. कधी विजयनगर आणि गोवळकोंडा मिळून विजापूरच फोडतात. तेही मी ठेवणार आहे, ती शक्यता खरोखरच होती. १५७० मध्ये गोवा आणि चौल यांना एकाच वेळी वेढा घालणारी युती मात्र अजून क्वचित दिसते, कारण एआय पोर्तुगीजांच्या आरमाराला घाबरून जमिनीवरचा वेढाही टाळतो. तिथे किनाऱ्यावरच्या किल्ल्यांसाठी वेगळा हिशोब लागेल.

पुढचं काम १५८९ चं अहमदनगर. जमालखानाच्या हाती सत्ता आली, आफाकींची कत्तल झाली आणि महदवी पंथ (महदी अवतरला असं मानणारा मुस्लिम पंथ) दरबाराचा झाला; १५९१ मध्ये जमालखान रोहिणखेडला लढाईत पडेपर्यंत. महदवी हा स्वतंत्र धर्म म्हणून घातला तर मूळ गेमची पाखंडाची सगळी आकडेमोड परत आत शिरते. त्यामुळे सध्या तो दख्खनी इस्टेटचा मॉडिफायर आहे. निजामशाही घेऊन खेळणाऱ्यांनी १५८० नंतरचे सेव्ह (जतन केलेले खेळ) पाठवावेत, निष्ठेचे आकडे त्यावरूनच ठरवणार आहे.