पहिली आरसी (रिमोटवर चालणारी) बोट घेताना

आज सकाळी तलावावर वारा होता, पाण्यावर बारीक लाटा. अशा पाण्यात बोटींमधला फरक लगेच कळतो. कॅटामरान, म्हणजे दोन तळांची बोट, सपाट पाण्यात वळणावर सुंदर चिकटून राहते, पण समोरून वारा आला की दोन तळांच्या मधल्या पोकळीत हवा शिरून उलटण्याची भीती. डीप-व्ही, म्हणजे इंग्रजी V सारखा खोल तळ, लाटा कापत जातो. म्हणून पहिली बोट डीप-व्हीच घ्या, साधारण २४ ते २६ इंची, आणि सेल्फ-रायटिंग, म्हणजे उलटली तरी आपोआप सुलटी होणारी. तिच्या एका बाजूच्या कप्प्यात पाणी भरतं आणि उलटलेली बोट पुन्हा सुलटी होते. मात्र बॅटरी पट्ट्याने घट्ट हवी आणि झाकणाच्या कडा टेपने बंद हव्यात.

वेगाचा आकडा नंतर बघा. ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर, पाण्याने थंड होणारा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि सुटे भाग मिळणं, हे आधी. ३एस लिपो, म्हणजे तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी (११.१ व्होल्ट), सुरुवातीला भरपूर होते.

चालवताना बाजूच्या भोकातून थंड करणाऱ्या पाण्याची धार दिसलीच पाहिजे. धार थांबली म्हणजे नळीत शेवाळ अडकलंय, बोट लगेच किनाऱ्याला. जलपर्णीजवळ तर जाऊच नका: पंख्याला मुळं गुंडाळली की करंट वाढतो आणि ईएससी जळतो.

घरी आल्यावर फ्लेक्स शाफ्ट (मोटरपासून पंख्यापर्यंत जाणारा लवचिक दांडा) बाहेर काढून पुसा, मरीन ग्रीस लावा. परत बसवताना ड्राइव्ह डॉग (पंख्याला अडकून तो फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रटमध्ये (शाफ्टला मागे आधार देणारा भाग) दोनेक मिलिमीटर फट ठेवा, कारण जोर आला की शाफ्ट पिळून आखूड होतो. लिपो वापरात नसताना प्रति सेल ३.८ व्होल्टवर ठेवा.